ऑफिसचं गूगल ड्राइव्ह भरलंय? आधी हे करा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ड्राइव्ह भरतं ते बहुधा मशीनच्या व्हिडिओंनी आणि ड्रॉइंगच्या झिप फायलींनी. छोट्या एक्सेल पुसत बसू नका, वेळ जातो आणि जागा काही सुटत नाही. कंप्युटरवर ड्राइव्ह उघडून डावीकडच्या ‘स्टोरेज’वर क्लिक करा, सर्वांत जड फाइल वर दिसेल. दुसऱ्याने शेअर केलेली फाइल काढून तुमची जागा वाढत नाही, ती मालकाच्या खात्यात मोजली जाते. पुसलेलं ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहतं आणि तोवर जागा अडवतं, म्हणून ट्रॅशही रिकामा करा. जीमेलही हीच जागा वापरतं, पण त्याचा ट्रॅश वेगळा, तोही विसरू नका. आणि कृपा करून, सिंक असलेल्या (म्हणजे कंप्युटरवरच्या, ड्राइव्हशी जोडलेल्या) फोल्डरमधून काही उडवू नका: तिथून गेलं की ड्राइव्हवरूनही जातं!