उपग्रहाच्या चित्रात गोवा कोरडा, मग इथे एवढा घाम का?

तुमचा प्रश्न असा: मे महिन्यात इन्सॅटच्या वॉटर व्हेपर (बाष्पाच्या) चित्रात गोव्यावर काळपट, म्हणजे कोरडी हवा दिसते, इकडे पणजीत मात्र शर्ट पिळून काढायची पाळी. उपग्रह चुकतो का?

चुकत नाही. तुम्ही ज्या हवेत घामाघूम होता ती त्या चित्रात येतच नाही. त्या चित्राचा चॅनल, म्हणजे उपग्रह टिपतो तो किरणांचा पट्टा, साधारण ६.५ ते ७.१ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांवर चालतो. बाष्प हे किरण इतकं शोषतं की जमिनीजवळून निघालेले वर पोचत नाहीत. दिसतो तो ढोबळमानाने पाच ते दहा किलोमीटर उंचीवरचा थर, आणि पावसाळ्याआधी तो बऱ्याचदा कोरडा असतो. हवेतलं निम्मं बाष्प तर खालच्या दोनेक किलोमीटरांतच असतं. हे चित्र दाखवून 'आज दमटपणा कमी' सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो.

खालचं बाष्प मोजायचं तर एक मार्ग ११ आणि १२ मायक्रॉनचा. बाष्प १२ वर थोडं जास्त शोषतं, त्या फरकावरून अंदाज बांधतात. ढग आले की हा मार्ग बंद, म्हणजे जूननंतर आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी.

ढगांतून पाहायला मायक्रोवेव्ह लागतात. २२.२३५ गिगाहर्ट्झजवळ समुद्र स्वतः फार कमी ऊर्जा सोडतो, थंड दिसतो, आणि त्या पार्श्वभूमीवर बाष्प उठून दिसतं. अरबी समुद्रावरचं एकूण बाष्प म्हणूनच छान मोजता येतं; ऐन पावसाळ्यात ते सगळं पाणी होऊन खाली आलं तर ६० मिलिमीटरांच्या आसपास भरेल. जमीन मात्र स्वतःच झगझगीत दिसते, बाष्प तिच्यात हरवतं. त्यात या उपकरणांचा एक ठिपका वीस-पंचवीस किलोमीटरांचा, कधी त्याहून मोठा. मिरामारचा समुद्र, मांडवीचं पात्र आणि जुन्या गोव्यापर्यंतची जमीन सगळं त्या एकाच आकड्यात! मग किनाऱ्यावरची मापं बहुधा टाकूनच देतात.

१८३.३१ गिगाहर्ट्झची तऱ्हा वेगळी. इथे बाष्प फार जोरात शोषतं; त्या शोषणरेषेच्या मध्यावर वरचा थर दिसतो, बाजूला सरकावं तसतसा खालचा. भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्सवर (२०११) सफीर हे उपकरण अशा सहा चॅनलांनी थरवार आर्द्रता मोजायचं. तरी दमट हवेत अगदी तळाचा थर त्यालाही नीट दिसत नसे.

तेव्हा गोव्यापुरतं विचाराल तर हवामान खातं पणजीहून उपकरण बांधून वर सोडतं तो फुगा बघा. त्याच्या आलेखात तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं दव होऊ लागतं) या दोन रेषा असतात; त्या जवळ म्हणजे हवा दमट, लांब म्हणजे कोरडी. मे महिन्यात त्या तळाशी जवळजवळ आणि वर फाकलेल्या दिसल्या, की उपग्रहाचं काळं चित्र आणि तुमचा घाम दोन्ही खरे.