डेटरन्स म्हणजे जरब

दारव्ह्याकडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: अण्वस्त्रांच्या चर्चेतल्या ‘डेटरन्स’ला ‘प्रतिरोध’ म्हणावं का? आणि सोव्हिएत संघाच्या ‘डेड हँड’ या अण्वस्त्र-यंत्रणेला ‘मृत हात’?

पहिल्याला मी ‘जरब’ म्हणेन. प्रतिरोध म्हणजे चालून आलेल्याला अडवणं. डेटरन्समध्ये त्यानं भिऊन यायचंच नाही. मूळ लॅटिन शब्दही घाबरवण्याचाच. ‘वचक’ जवळचा आहे, पण तो माणसाचा. मास्तर वर्गाबाहेर गेले की संपला. ‘जरब’ अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ घाव. मराठीत घाव गळून पडला, घावाची भीती तेवढी राहिली. डेटरन्स नेमकं हेच आहे!

आमच्या तुरीच्या वावराला झटका मशीनची तार आहे. पूर्वी काका रात्र-रात्र जागलीला जात. आता मालक घरी झोपलेला असला तरी रानडुकराचं नाक तारेला लागलं की झटका बसतो. तो थांबून थांबून येतो, म्हणून जीव जात नाही, आणि पुढच्या खेपेला डुक्कर धुऱ्यावरूनच वळतं. कोणी मात्र चोरून घरची लाइन तारेत सोडतं. त्यात जनावर मरतं, कधी पाणी द्यायला निघालेला शेजारीही. ठाऊकच नसलेल्या तारेची जरब कोणाला बसणार? काका म्हणत, “पाटीबिगर तार म्हणजे फास आहे बाप्पा.”

सोव्हिएत संघानं १९८५मध्ये कामाला लावलेली ‘पेरिमीटर’ यंत्रणा, म्हणजेच डेड हँड, अशीच बिनपाटीची होती: ती आहे हे जगाला सांगितलंच नव्हतं. नेतृत्व मारलं गेलं, संपर्क तुटला आणि अणुस्फोटाच्या खुणा मिळाल्या, तर खास रॉकेटं आकाशातून उरलेल्या क्षेपणास्त्रांना सुटण्याचा हुकूम देणार. शेवटचा निर्णय बंकरमधल्या अधिकाऱ्यांकडे असल्यामुळे तिला सरसकट ‘स्वयंचलित’ म्हणू नये. ‘मृत हात’ मराठीत निर्जीव, लुळा वाटतो. मी ‘मेल्यामागचा वार’ म्हणेन. मेल्यामागे काय होणार, हे आपण रोजच बोलतो.

भारताच्या २००३च्या धोरणात पहिला वार नाही, पण अणुहल्ला झाल्यास जबर प्रत्युत्तर आहे, आणि त्याचा हुकूम राजकीय नेतृत्वच देणार. ‘जबर’ आणि ‘जरब’ यांची गल्लत मात्र करू नका. वाक्य असं लिहा: जबर प्रत्युत्तराची जरब बसावी, म्हणून हे धोरण उघडपणे जाहीर केलं.