कडक, पण पचायला हलकी : घरी बेल्जियन पद्धतीची बिअर करणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं ट्रिपल (फिकट, कडक) आणि डुबेल (गडद, जरा सौम्य) या बेल्जियन बिअर आणि त्यांच्या थोरल्या भावंडांबद्दल होती, म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्याच घराण्यातले घेतले आहेत. मी बेल्जियममध्ये राहतो आणि तळघरात वीस लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, बिअर करतो. इथले ब्रुअर आपल्या कडक बिअरची तारीफ करताना ‘पचायला हलकी’ या अर्थाचा शब्द वापरतात. तो शब्द मनात धरून खालची उत्तरं वाचावीत.

न्यू जर्सीहून एक वाचक : पहिलीच ट्रिपल केली. घनता (पाण्याची १.०००; साखर आंबेल तशी ती उतरते) १.०८२ वरून सुरू झाली, १.०२४ वर थांबली. चव जड, ओठांना चिकटणारी. दुकानातली वेस्टमाले (त्या नावाच्या बेल्जियन मठाची) ट्रिपल इतकी कडक असूनही अशी लागत नाही. कुठे चुकलं?

तुमच्या पत्रात धान्याची यादी आहे, त्यात बरंचसं उत्तर सापडलं. तुम्ही पिल्सनर माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेलं फिकट बार्लीचं धान्य) अर्धा किलो कॅरॅमल माल्ट घेतलंय, मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६८ अंशांवर केलंय आणि साखर अजिबात घातलेली नाही, कारण ‘साखर म्हणजे भेसळ’ असं कुठेतरी वाचलं. बेल्जियन बिअरच्या बाबतीत हा समज मनातून काढून टाका. साखर पूर्ण आंबते, मागे गोडवा ठेवत नाही. तिच्यामुळे मद्यार्क वाढतो आणि अंग हलकं होतं. तेवढीच ताकद नुसत्या माल्टमधून काढायला गेलात तर न आंबणारे घटकही त्याच प्रमाणात वाढतात, आणि बिअर पातळ खिरीसारखी लागते.

वीस लिटरसाठी साडेपाच किलो पिल्सनर माल्ट आणि एक किलो साधी पांढरी साखर घ्या. बाकी काही नको. मॅश ६४-६५ अंशांवर नव्वद मिनिटं ठेवा. या तापमानाला वर्टमध्ये (माल्टच्या गोड पाण्यात) आंबण्याजोगी साखर जास्त उतरते. पिल्सनर माल्ट असल्यामुळे उकळीही नव्वद मिनिटं द्या आणि भांड्यावर झाकण ठेवू नका, नाहीतर शिजलेल्या मक्यासारखा वास मागे राहतो. हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) साझ किंवा स्टिरियन गोल्डिंग्ज जातीचे, कडूपणा तीस आयबीयूच्या (कडूपणाच्या एककाच्या) आसपास. अशी बिअर १.०८० वरून १.०१० पर्यंत उतरली की मद्यार्क ९.२ टक्क्यांच्या घरात जातो, आणि तरीही पुढचा घोट घ्यावासा वाटतो.

दुसरी चूक यीस्टची. एवढ्या दाट वर्टला द्रव यीस्टची एक पिशवी पुरत नाही. दह्याला विरजण कमी पडलं तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तसंच हे. आदल्या दिवशी दोन लिटरचा स्टार्टर करा (पातळ वर्टमध्ये यीस्ट आधी वाढवून घ्या), किंवा कोरडं यीस्ट असेल तर साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं घाला. यीस्ट घालण्याआधी थंड झालेला वर्ट फर्मेंटरमध्ये जोरजोरात हलवून घ्या, कारण सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. आंबवण सुरू झाल्यावर मात्र हवा आत जाऊ द्यायची नाही.

लंडनहून : कँडी शुगर फार महाग पडते. आमच्या जवळच्या दुकानात कोल्हापुरी गूळ मिळतो. तो चालेल का?

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तो मी स्वतः करून पाहिला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. खडीसाखरेसारखे पांढरे खडे ‘बेल्जियन कँडी शुगर’ म्हणून विकले जातात, ती साधी साखरच असते. ट्रिपलसाठी त्यावर पैसे घालवू नका. गडद बिअरला लागतो तो काळपट पाक, म्हणजे गडद कँडी सिरप, ही वेगळी चीज आहे. मनुका, सुकं अंजीर, जळत आलेल्या साखरेचा कडवटपणा अशा चवी त्यातून येतात. डुबेलच्या रंगात आणि चवीत मोठा वाटा त्याचाच.

दिसायला हा पाक आपल्या काकवीसारखा, म्हणून मलाही मोह झाला. वीस लिटरच्या डुबेलसाठी चारशे ग्रॅम गूळ किसून गरम पाण्यात विरघळवला आणि मलमलच्या फडक्यातून गाळला. फडक्यावर उसाच्या बारीक काड्या आणि बोटांना जाणवेल एवढी रेती राहिली, तेव्हा गाळणं चुकवू नका. बिअर नवी असताना एक खारट, मातकट चव पुढे येत होती. गुळात क्षार असतात, त्यांची ती चव. तीन महिन्यांनी ती मागे सरली आणि यीस्टच्या लवंगेसारख्या वासाबरोबर गुळाची ऊब छान जमली. त्यामुळे माझं मत असं : डुबेलमध्ये किंवा त्याहून गडद बिअरमध्ये चारशे ग्रॅमपर्यंत गूळ खुशाल घाला, बाकीची साखर पांढरी ठेवा. त्यापुढे गेलात तर खारटपणा हटत नाही. ट्रिपलमध्ये गूळ नको, तिथे तो लपायला जागा नसते. पिवळाधमक गूळही नको, तो बहुधा रसायनांनी उजळवलेला असतो. काळसर, मऊ गूळ निवडा.

मात्र गूळ हा गडद पाकाला पर्याय नाही, ती वेगळी चव आहे. पाकच हवा असेल तर घरी करता येतो. जाड बुडाच्या उंच पातेल्यात साखर, थोडं पाणी आणि चिमूटभर यीस्टचं खाद्य म्हणून मिळणारं डायअमोनियम फॉस्फेट घ्या. गोळीबंद पाकाच्या बऱ्याच पुढे, १४० अंशांच्या आसपास न्या, आणि तापमान चढू लागलं की पाण्याचा छोटा हबका देत रंग मनुकांसारखा होईपर्यंत थांबा. नुसती साखर जाळली तर कडू कॅरॅमल होतं. त्या फॉस्फेटमधलं नत्र असलं की ती मनुकांची चव येते. हबका देताना पाक उसळतो, अंगावर उडाला तर कातडी सोलून निघते. लांब दांड्याचा पळा वापरा, मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

ऑस्टिनहून : बिअर कोरडी झाली, पण घशाला चटका बसतो, वासही थोडा नेलपॉलिशसारखा. वर्षभर मुरवली तर जाईल का?

नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण चटका देणारे ते जड मद्यार्क मुरल्याने फारसे कमी होत नाहीत. दुसऱ्या घाण्याला लागा.

तुमचं गॅरेज २७ अंशांवर होतं असं तुम्ही लिहिलंय. कडक वर्ट जोरात आंबतो तेव्हा आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज वर जातं, म्हणजे यीस्ट तिशीपार काम करत होतं. बेल्जियन यीस्टला ऊब आवडते हे खरं, पण ती शेवटी द्यायची. वर्ट १८ अंशांपर्यंत थंड झाल्याशिवाय यीस्ट घालू नका. पहिले दोन दिवस तिथेच धरून ठेवा, कारण चटका आणि नेलपॉलिश दोन्हींची पेरणी बहुतेक याच काळात होते. मग रोज एकेक-दोनदोन अंश चढू द्या आणि २३-२४ वर आंबवण संपू द्या. अशाने केळ्याचा आणि लवंगेचा वास जागच्या जागी राहतो, शेवटची साखरही उरत नाही.

फ्रिज नसेल तर फर्मेंटर पाण्याच्या टबात उभा करा, भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि पंखा लावा. माठ जसा गार राहतो तसा तोही राहतो. टबात दिवसातून दोनदा बर्फाची बाटली बदलली तर टेक्सासच्या मे महिन्यातही निभतं.

म्युनिकहून : दोन आठवडे झाले, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) साडेनऊ ब्रिक्सवरून (म्हणजे साखरेच्या टक्क्यांवरून) हलत नाही. तक्त्यात पाहिलं तर १.०३८ येतं. आंबवण अडकलं आहे का? नवं यीस्ट घालू?

काही घालू नका! मद्यार्क तयार झाला की रिफ्रॅक्टोमीटर खोटं सांगू लागतो, कारण मद्यार्कामुळेही प्रकाश वाकतो. तुमची सुरुवात वीस ब्रिक्स होती. दुरुस्तीचं सूत्र लावलं की साडेनऊ म्हणजे प्रत्यक्षात साधारण १.०१३. तुमची बिअर जवळजवळ झालेली आहे. आंबवण सुरू झाल्यावर हायड्रोमीटरच, म्हणजे घनता मोजणारी तरंगती काचनळीच, वापरा. नमुना शंभर मिली जातो, पण तो पिऊन बघता येतो, आणि बिअरचा स्वभाव त्यातून जेवढा कळतो तेवढा कुठल्याही यंत्रातून कळत नाही.

लीड्सहून : बेल्जियन बिअरला एवढा फेस कसा येतो? बाटलीत फेसासाठी घालायची साखर वाढवली तर बाटल्या फुटतील अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे. एका जूनमध्ये मध्यरात्री माझ्या तळघरातून तोफेसारखा आवाज आला. खाली गेलो तर जमिनीवर काचा, भिंतीच्या गिलाव्यात एक तुकडा रुतलेला आणि सगळीकडे लवंगेचा गोड वास. मी १.०१६ वर बिअर संपली असं समजून बाटल्या भरल्या होत्या. उन्हाळ्याने यीस्ट जागं झालं आणि ते १.०१२ पर्यंत उतरलं. एकेका अंकाला, म्हणजे ०.००१ ला, बिअरच्या आकारमानाच्या जवळपास अर्ध्याइतका वायू तयार होतो. चार अंकांना दोन पट, आणि मी घातलेल्या साखरेचा त्यावर वेगळा. माणूस शेजारी उभा असता तर डोळा गेला असता.

तेव्हापासून माझा नियम आहे : तीन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले तीन आकडे सारखे आले, तेही २३ अंशांच्या उबेत, तरच बाटली. मग लिटरला नऊ ग्रॅम साखर घातली की वायू तीन पटींच्या थोडा वर जातो, आणि ट्रिपलला शोभेल असा दाट पांढरा फेस धरतो. एवढ्यासाठी जाड बेल्जियन बाटल्या किंवा शॅम्पेनच्या बाटल्याच हव्यात; साध्या हलक्या बाटल्या या दाबासाठी नसतात. भरल्यावर तीन आठवडे २४ अंशांवर ठेवा. बिअर दोन-तीन महिने मुरवून मग भरत असाल तर ताजं यीस्ट थोडं घाला, थकलेल्या यीस्टच्या भरवशावर राहू नका.

ॲमस्टरडॅमहून : मठातले साधू एवढी कडक बिअर पितात?

त्यांची रोजची बिअर बरीच सौम्य असते. वेस्टमालेच्या मठात जेवणासोबत घ्यायची ‘एक्स्ट्रा’ ४.८ टक्क्यांची, तर विक्रीची ट्रिपल ९.५. बेल्जियममध्ये कडक बिअरचं पीक येण्यामागे १९१९ चा कायदाही आहे. त्या वर्षी मद्यालयांत दारू, म्हणजे जिनसारखं ऊर्ध्वपातित मद्य, विकायला बंदी आली आणि ती १९८३ पर्यंत टिकली. काहीतरी ताकदीचं हवं असणारं गिऱ्हाईक बिअरकडे वळलं. डूवेल या कडक बेल्जियन बिअरला तिचं नाव १९२३ मध्ये मिळालं, वेस्टमालेची ट्रिपल त्या नावाने १९३४ पासून. ९.२ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत २४ ग्रॅम मद्यार्क असतो, नेहमीच्या बिअरच्या जवळपास दोन बाटल्यांएवढा. पाहुण्याला देताना हे आधी सांगा, त्याला गाडी चालवायची असेल तर देऊच नका.

पुण्याहून : माल्ट आणि यीस्ट मागवून घरी अशी बिअर केली तर चालेल का?

चालणार नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ही मोकळीक मिळाली, आपल्याकडे ती नाही. ती मिळावी असं मला मनापासून वाटतं, पण मिळेपर्यंत हे करू नका. तोवर परवाना असलेल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीच्या ब्रुअरशी बोला. आंबवणाची टाकी जवळून बघायला मिळाली तर पुस्तकापेक्षा जास्त शिकाल.

डब्लिनहून : बाटलीच्या तळाचा साका वापरून यीस्ट वाढवता येतं म्हणतात. कुठली बाटली घ्यावी? आणि तयार बिअर किती दिवस ठेवावी?

वेस्टमालेची घ्या, पण ट्रिपलऐवजी ७ टक्क्यांची डुबेल, कारण कमी मद्यार्कात यीस्ट कमी दमलेलं असतं. वेस्टफ्लेतरनच्या मठातले साधूही यीस्ट वेस्टमालेहूनच आणतात, यातच त्याची योग्यता आली. अलीकडे भरलेल्या दोन-तीन बाटल्या थंड करून उभ्या ठेवा. हळूच ओतून बिअर प्या, तळाचं बोटभर राहू द्या. बाटलीचं तोंड लायटरच्या ज्योतीवर फिरवा आणि साका उकळून गार केलेल्या पातळ, १.०२० च्या वर्टमध्ये सोडा. आधी शंभर मिली, मग पाचशे, मग दोन लिटर, असं चढत जा. पहिले दोन दिवस काहीच हललं नाही तरी थांबा. आंबूस वास आला तर मात्र लगेच फेकून द्या.

ठेवण्याबद्दल : ट्रिपल तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत ऐन बहरात असते, त्यानंतर हॉप्सचा ताजेपणा उतरतो. दहा टक्क्यांच्या पुढची गडद बिअर मात्र वर्षाआधी उघडू नका; मी दर हिवाळ्यात तीन बाटल्या बाजूला काढतो आणि एकेक वर्षाने एकेक उघडतो. दोन्ही अंधारात, १२ ते १५ अंशांवर, उभ्याच ठेवा म्हणजे साका तळाशी घट्ट बसेल. ओतताना पेला तिरका धरून एका दमात ओता आणि गढूळ धार दिसली की बाटली सरळ करा.