प्रश्न वाचकांचे : ट्रेमध्ये शीट फिल्म डेव्हलप करताना

प्रश्न : मी ४ × ५ इंची एचपी-५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या चार शीट्स (सुट्या पत्र्या) एकाच वेळी ट्रेमध्ये डेव्हलप करते. एक-दोन हमखास एकमेकींना चिकटतात आणि इमल्शनवर (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरावर) बारीक ओरखडे उठतात. ट्रेऐवजी डेव्हलपिंगचा बंद टँक घ्यावा का?

टँकची घाई नको, आधी भिजवण्याची पद्धत बदलून पाहा. कोरड्या शीट्स एकदम सोडल्या, की इमल्शन पाणी पिऊन फुगत असतानाच शेजारच्या शीटला धरून बसतं. तिथे डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) पोचत नाही आणि निगेटिव्हवर फिका डाग राहतो. म्हणून डेव्हलपरच्या आधी २० अंश सेल्सिअसच्या साध्या पाण्याचा ट्रे ठेवा. एक शीट पूर्ण बुडवा, १५-२० सेकंद थांबा, मगच दुसरी. शेवटची गेल्यावर दोन मिनिटं शीट्स वर-खाली फिरवत राहा. सगळ्या नीट भिजल्या की चिकटायचं भय संपलं.

ओरखडे मात्र कोपऱ्यांमुळे पडतात. शीटचा पॉलिएस्टर बेस (इमल्शनखालचा प्लास्टिकचा आधार) कडक असतो, ओलं इमल्शन मऊ. इमल्शन वरच्या बाजूला ठेवा. शीट उभी धरून कडेवरची ओळखीची खाच उजव्या हाताला वर आली की इमल्शन तुमच्याकडे असतं. सर्वांत खालची शीट लांब कडेने धरून अलगद बाहेर ओढा, वर उचला आणि बाकीच्या शीट्सवर आडवी, सपाट ठेवून बोटांच्या पेरांनी हलकेच दाबा. कोपरा आधी टेकवू नका, नखं लागू देऊ नका. एक शीट उलट्या दिशेने, म्हणजे खाच विरुद्ध टोकाला येईल अशी ठेवा, म्हणजे अंधारातही एक फेरी पुरी झाल्याचं हाताला कळतं. ३० सेकंदांत चार शीट्सची एक फेरी, हा वेग पुरे.

ट्रे ८ × १० इंचाचा घ्या, हात फिरायला जागा हवीच. त्यात डी-७६ या डेव्हलपरचं ५०० मिली स्टॉक (पाणी न मिसळलेलं मूळ द्रावण) आणि ५०० मिली पाणी, २० अंशांना ११ मिनिटं. वापरलेलं द्रावण टाकून द्या. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) आणि फिक्सरमध्येही (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातही) शीट्स एकेकच सोडायच्या. एवढं करूनही चार जड जात असतील, तर बिनदिक्कत दोन-दोन करा.

प्रश्न : निगेटिव्हवर आकाशाच्या कडा मधल्या भागापेक्षा जास्त गडद येतात.

हात जोरात चालतोय. शीट झपकन दाबली, की डेव्हलपर कडांवरून वेगाने वाहतो आणि तिथे ताजं द्रावण जास्त मिळतं. संथपणे दाबा. द्रावण गरम असेल तर वेळ घटते (२४ अंशांना ११ मिनिटांची साधारण पावणेआठ होतात) आणि सुरुवातीच्या असमानतेला सावरायला अवधी उरत नाही. पाच मिनिटांखाली जाऊच नका. ट्रे थंड पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवून तापमान उतरवा.

प्रश्न : धुतल्यावरही फिल्मवर गुलाबी छटा राहते. फिल्म वाया गेली का?

नाही. नुसती छटा असेल तर तो फिल्ममधला रंग आहे. बहुतेक वेळा आणखी धुतल्यावर तो उतरतो, थोडा राहिला तरी प्रिंटला बाधत नाही. दुधी झाक दिसली तर मात्र फिक्सिंग अपुरं आहे. फिल्मचा एक न वापरलेला तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ फिक्स करा. कोडॅकच्या टी-मॅक्ससारख्या फिल्मला तिप्पट. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो बदला. दुधी राहिलेली शीट ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घालता येते, तीही उजेडात. नंतर पुन्हा पूर्ण धुवा.