थव्याला पुढारी द्यायचाच असेल तर

तुमची अडचण मला समजली ती अशी. चंद्रावरच्या खाणीत घुसलेला सूक्ष्मयंत्रांचा थवा हा तुमच्या कादंबरीचा खलनायक. दीडशे पानं झाली आणि आता नायिकेला समोर उभं राहून बोलायला कुणी सापडत नाही. म्हणून थव्याला एक सेनापती द्यावासा वाटतो, पण ‘स्टार ट्रेक’मधल्या बोर्गचं, म्हणजे एकाच सामाईक मनाने चालणाऱ्या अर्ध्या यंत्र-माणसांच्या थव्याचं, राणी आल्यावर वाटोळं झालं असं ऐकून हात अडलाय.

वाटोळं राणीमुळे झालं, हे मला पूर्ण पटत नाही. बोर्गला ठळक चेहरा दोनदा मिळाला, आणि ते दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

बोर्ग पहिल्यांदा दिसले १९८९ साली. एंटरप्राइज या अंतराळयानावरची माणसं त्यांच्या घनाकृती जहाजात जातात, त्यांच्या मधून फिरतात, आणि एकही बोर्ग मान वळवून बघत नाही. त्या दुर्लक्षानेच अंगावर काटा येतो. पण दुर्लक्ष करणाऱ्याशी संवाद कसा लिहिणार? तुमचं घोडं अडलंय तेही इथेच.

१९९० मध्ये दोन भागांच्या कथेत लेखकांनी यावर जो मार्ग काढला तो मला आजही सर्वात चोख वाटतो. बोर्ग एंटरप्राइजच्या कॅप्टन पिकार्डलाच पळवून नेतात आणि त्याचा लोक्यूटस नावाचा बोर्ग करतात. कारणही स्वतःच सांगतात: तुम्ही अधिकाऱ्याचं ऐकणारे लोक, म्हणून आमच्या वतीने बोलायला माणसाचा आवाज निवडलाय. म्हणजे बोर्गना पुढारी नकोच होता, त्यांना हवा होता कर्णा. दुसऱ्या भागात त्याच्या अंगात यंत्रं बसवली जात असताना चेहऱ्याचा रंग उडत जातो आणि डोळ्यातून एक थेंब ओघळतो. एवढंच. पुढे वुल्फ ३५९ च्या लढाईत माणसांच्या बाजूची ३९ जहाजं गेली, तरी माझ्या लक्षात राहिला तो थेंब. शिवाय शेवटी एंटरप्राइजवरचा यंत्रमानव डेटा त्याच पिकार्डमधून बोर्गच्या जाळ्यात शिरतो आणि त्यांना झोपवतो. चेहरा दिला, आणि त्याच चेहऱ्यातून वाट निघाली.

राणी आली १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ चित्रपटात. एलिस क्रिगेचं डोकं आणि खांदे वरून तारांना लटकत खाली येतात, मागे धातूचा कणा वळवळत असतो, आणि ते सगळं धडात जाऊन बसतं. त्या चित्रपटापुरती मी राणीच्या बाजूने आहे. डेटाला मोहात पाडायचं होतं. त्याच्या हातावर खऱ्या कातडीचा तुकडा लावून राणी त्यावर हळूच फुंकर घालते. अशी फुंकर घोळक्याला घालता येत नाही, तिथे एक तोंडच लागतं.

पण बिघाडाचं बीही तिथेच पडलं: राणी संपते आणि तिच्याबरोबर जहाजावरचे बाकी बोर्गही कोसळतात. पुढे ‘व्हॉयेजर’ मालिकेत ती सौदे करते, चिडते, बोर्गमधून सुटलेल्या सेव्हन ऑफ नाइन या स्त्रीला परत मिळवायला धडपडते. एकदा तर मोजके बंडखोर बोर्ग मारण्यासाठी हजारो बोर्ग असलेली स्वतःचीच जहाजं उडवते. असं कुठलाही हुकूमशहा करेल. बोर्गचं वेगळेपण तिथे गेलं.

मला राहून राहून वाटतं की त्यांनी खऱ्या राणीमाशीकडे बघायला हवं होतं. सातेरी मधमाश्यांची पेटी उघडताना मी जवळून पाहिलीय. हजारो माश्यांत राणी शोधायलाच कितीतरी वेळ गेला. ती हुकूम सोडत नाही, अंडी घालते. मोहोळाने नवं घर कुठे करायचं हे जागा शोधून आलेल्या कामकरी माश्या नाचून नाचून ठरवतात, राणी नुसती बरोबर जाते. तिचं अंडी घालणं मंदावलं की कामकरी माश्या दुसरी राणी वाढवायला घेतात. अशी बदलता येणारी राणी माझ्या मते हुकूमशहापेक्षा कितीतरी भीतिदायक आहे. १९९६ च्या चित्रपटात याची पुसटशी चाहूल होती: लोक्यूटसच्या वेळचं जहाज नष्ट झालं तेव्हा तू तिथेच होतीस ना, मग जिवंत कशी, असं पिकार्ड राणीला विचारतो आणि ती तो प्रश्नच उडवून लावते. तो धागा पुढे कुणी ओढला नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतल्या डालेक या खलनायकांचा डॅव्हरॉस (१९७५) मला आवडतो तोही यासाठीच. तो त्यांचा निर्माता, पण त्याच कथेच्या शेवटी डालेक त्याच्यावर उलटतात. त्यांना त्याची गरज उरलेली नसते.

म्हणून सेनापती नका घालू. नायिकेने त्याला मारलं की थवा थांबणार, हे वाचकाला पहिल्या भेटीतच कळेल आणि उरलेली पानं तो नुसती वाट बघेल. तुम्ही लिहिलंय की खाणीतला मुकादम पाचव्या प्रकरणात बेपत्ता होतो आणि नायिकेनेच त्याला त्या पाळीला पाठवलेलं असतं. थव्याला तोंड हवं असेल तर त्याचं घ्या. तो तिला पूर्वीसारखंच ‘ताईसाहेब’ म्हणू दे, पाळीचा हिशोब त्याच सुरात सांगू दे. आणि तिने त्याला गप्प केलं, तर पुढच्या बोगद्यातून थवा तिच्याशी दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात बोलू दे.