चेहऱ्याआधी नकाशा

दादर, मुंबई

सप्रेम आशीर्वाद.

माणेकशांच्या चित्रचरित्राची तुझी कच्ची पानं मिळाली. हात छान चालतोय. मिशा, डोळ्यांतली मिश्कील चमक, उभं राहण्याचा रुबाब, सगळं नेमकं उतरलंय. माझी हरकत आहे ती शेवटच्या जोडपानाला. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रेसकोर्स मैदान, पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचं टेबल, आणि टेबलाशी माणेकशा. ते तिथे नव्हतेच.

त्या प्रसंगाचा फोटो तू शंभरदा पाहिला असशील. आता पुन्हा काढ आणि एकेक चेहरा ओळखत जा. बसलेले दोघंच: सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी आणि त्यांच्या शेजारी आपले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. मागे उभे आहेत त्यांत व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, सगतसिंग, जेकब. लष्करप्रमुख माणेकशा दिल्लीत होते. नायकच नसेल तर पुस्तक संपवायचं कसं, असं तू विचारशील. तसंच संपव. टेबल काढ, ही सगळी माणसं काढ, माणेकशांना काढू नकोस. वाचणारं पोर विचारेल, ते कुठे आहेत? या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुला आधीची पानं नीट रचावी लागतील, आणि खरं काम तिथेच आहे.

खांद्यावरच्या खुणाही तपास. फील्ड मार्शल ते जानेवारी १९७३ मध्ये झाले. युद्धाच्या दिवसांत ते जनरल होते, म्हणजे अशोकस्तंभ, त्याखाली तारा, त्याखाली तलवार आणि बॅटनची फुली. तू मात्र पहिल्या पानापासून फील्ड मार्शलची खूण दिली आहेस. पद्मविभूषणही १९७२ चं, त्यामुळे त्याची फीत १९७१ च्या छातीवर दिसता कामा नये. याला कुणी किरकोळ म्हणेल. मी म्हणणार नाही. उद्याच्या कीर्तीची पदकं आजच्या छातीवर लावली की माणूस आधीपासूनच जिंकलेला दिसतो. आणि सेनापतीच्या आयुष्यातला सगळा ताण तर यातच असतो, की निर्णय घेताना निकाल त्याला माहीत नसतो. तुझे माणेकशा एप्रिलमध्येही डिसेंबरचं हसू हसतायत.

म्हणून सांगतो, चेहरा बाजूला ठेव आणि आधी नकाशा काढ. पद्मा, जमुना, मेघना या नद्यांनी पूर्व पाकिस्तानचे कसे तुकडे पाडलेत ते आधी तुझ्या हाताला कळू दे. एक पान पावसाळ्याचं कर: नद्या फुगलेल्या, शेतं पाण्याखाली, रणगाडे रस्ता सोडून उतरले की रुतणार. त्यासमोर डिसेंबरचं पान: पाणी ओसरलेलं, आणि उत्तरेला हिमालयाच्या खिंडी बर्फाने बुजलेल्या, म्हणजे चीनकडून मदत येणं अवघड. ही दोन पानं शेजारी ठेवलीस की युद्धासाठी डिसेंबरपर्यंत थांबायचं का ठरलं, ते एकही संवाद न लिहिता कळेल. मग सगतसिंगांचं पान. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, तर त्यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून माणसं मेघनेपलीकडे उतरवली. नदीची रुंदी दाखवल्याशिवाय या धाडसाचा अर्थच लागत नाही. इथे हेलिकॉप्टर लहान काढ आणि नदीला दोन्ही पानं दे.

एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीचा प्रसंग तू फुगे घालून, संवादांसकट रंगवलास. इंदिरा गांधींना आत्ता युद्ध नको म्हणून सांगितल्याची ती हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः माणेकशांच्याच तोंडून, पुढच्या काळातल्या भाषणांतून. आणि गोष्ट रंगवून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. प्रसंग गाळू नकोस, फक्त चित्राखाली ‘माणेकशांच्या आठवणीप्रमाणे’ एवढं लिही आणि फुग्यातली तू रचलेली वाक्यं काढून टाक. जिथे मनाने काढलं असेल तिथे ‘कल्पनाचित्र’ असं छाप. मुलांना ते समजतं.

नौदल तू एका चौकटीत गुंडाळलंस, याचं मला वाईट वाटलं. तू मुंबईची आहेस! तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदा यांच्यावर खरं तर वेगळं पुस्तक व्हायला हवं, आणि ते तू करावंस. त्यांचं बालपण कराची बंदरातल्या मनोरा बेटावर गेलं. ज्या बंदराच्या वाटा त्यांना लहानपणापासून माहीत होत्या, त्याच बंदरावर त्यांच्या नौदलाने ४ डिसेंबरच्या रात्री हल्ला चढवला. किनारा राखायला बनवलेल्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या छोट्या क्षेपणास्त्र नौका शत्रूच्या दारात न्यायचं त्यांनी ठरवलं. मुलगा आणि अ‍ॅडमिरल, दोघांच्या पानांवर एकच बंदर काढता येईल. पण त्याच पुस्तकात ९ डिसेंबरचं पान हवंच. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली युद्धनौका ‘खुखरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. नंदांच्या पुस्तकात ‘खुखरी’ला कराचीपेक्षा कमी जागा मिळाली, तर मी ते पुस्तक हातात घेणार नाही.

राजकीय नेत्याचं चित्रचरित्र याहून कठीण. त्याच्या हातात बंदूक नसते, फाइल असते. यशवंतराव चव्हाणांचंच बघ. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येक चित्रकाराला लगेच डोंगर काढावासा वाटतो. डोंगर नको. मी त्यांचा १ सप्टेंबर १९६५ हा दिवस घेईन. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकतायत, लष्करप्रमुख जनरल चौधरी हवाई दलाची मदत मागतायत, हवाई दलप्रमुख अर्जनसिंग समोर आहेत आणि होकार चव्हाणांनी द्यायचाय. त्यांनी तो लगेच दिला. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली, आणि जुन्या व्हॅम्पायर विमानांपैकी चार पाडली गेली. डाव्या पानावर खोली, उजव्या पानावर संध्याकाळचं आकाश. खोलीतल्या माणसांना उजवं पान अजून दिसलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवर काढता आलं पाहिजे.

परदेशी नेत्यांचंही तू विचारलं होतंस, त्यावर थोडंच लिहितो. चर्चिलचा तो प्रसिद्ध कपाळावर आठ्या घातलेला चेहरा १९४१ च्या डिसेंबरात ओटावात टिपलेला आहे, आणि आठ्या पडल्या त्या छायाचित्रकार कार्शने तोंडातला चिरूट काढून घेतला म्हणून. तोच चेहरा १९४० च्या प्रत्येक पानावर चिकटवू नकोस. रूझवेल्टचे चाकाच्या खुर्चीतले फोटो फार थोडे आहेत, कारण तशी छबी बाहेर जाऊ नये याची काळजी घेतली जाई. पोलिओ मात्र १९२१ पासून सोबत होता. फोटो खरा असला तरी तो कुणी, कशासाठी काढू दिला हे विचारायचंच.

आणि चर्चिलचं पुस्तक मराठीत करणार असशील तर १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यात आलाच पाहिजे. तिथल्या भुकेल्या माणसांची चित्रकार चित्तप्रसाद यांनी जागेवर जाऊन रेखाटनं केली. त्यांची पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. पुढे ते मुंबईत, अंधेरीत राहिले. त्या काळ्या शाईची रेष आधी नीट बघ, मग लंडनमधल्या त्या युद्धमंत्रिमंडळाच्या खोलीचं पान काढायला घे.

फिल्म्स डिव्हिजनची त्या काळातली समाचारचित्रंही मिळतील तेवढी बघ. माणूस चालतो कसा, सलाम कसा घेतो, हे स्थिर फोटोत कळत नाही. त्या आठवड्याची वर्तमानपत्रं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन चाळ, कारण पहिल्या पानावरच्या बातमीइतक्याच आतल्या ब्लॅकआउटच्या सूचना तुला उपयोगी पडतील.

मुखपृष्ठाला एवढ्यात हात लावू नकोस. पावसाळ्याचं आणि डिसेंबरचं, अशी नकाशाची दोन पानं पेन्सिलीत करून शनिवारी घरी ये. शाई त्यानंतर.

तुझा,
सर