वॉटर-बेस पीयू (पाण्यातलं पॉलीयुरेथेन पॉलिश) मारलेलं सागवानी टेबल चार महिन्यांत चिकट का झालं?

तुमच्या जेवणाच्या टेबलावर गरम पातेलं ठेवता तिथे पांढरे चट्टे आणि हात टेकता तिथे चिकटपणा, म्हणून माल डुप्लिकेट होता का, असं विचारलंय.

मालाला लगेच शिव्या घालू नका. नाशिकला आमच्या झोपाळ्याचंही हेच झालं. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीतली मूर्ती, आमचं पूर मोजायचं माप) कमरेला लागलं होतं, त्याच भर पावसाच्या आठवड्यात मिस्त्रींनी ३ कोट मारले. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागलं आणि वडील बसलेसुद्धा. दिवाळीपर्यंत पाट ठणठणीत, पण वडील डोकं टेकतात ती वरची पट्टी गुळाच्या ढेपेसारखी. नख दाबलं की चंद्रकोर उमटायची. खोबरेल तेल, दुसरं काय!

या पॉलिशमध्ये रेझिनचे (थर बनवणाऱ्या राळेसारख्या पदार्थाचे) बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मुरून थर बनतो. वरून कोरडं व्हायला दोन तास पुरतात, पण पक्कं व्हायला ३-४ आठवडे. श्रावणातल्या हवेत पाणी उडायलाच मागत नाही, आणि थंडीत पारा १० अंशांखाली गेला की कण नीट जुळत नाहीत. अशा कच्च्या थरात गरम वाफ शिरली की पांढरा चट्टा. तेल-घाम मुरला की चिकटपणा; साधं वन-पॅक (ज्यात थर कडक करणारं हार्डनर वेगळं कालवायचं नसतं ते) तर पक्कं झाल्यावरही रोजच्या तेलापुढे हळूहळू मऊ पडतं.

चट्टे कोरड्या हवेत कधी कधी आपोआप जातात, आठवडाभर वाट बघा. चिकट भागावर मात्र नवा कोट मारू नका, धरणार नाही. पॉलिश पेपरही लगेच भरतो, म्हणून आधी पत्रीने (खरवडायच्या पातळ पोलादी पट्टीने) खरवडा, मग थिनरच्या फडक्याने दोनदा पुसा (सागाचं स्वतःचं तेलही असतं, ते मिस्त्री हमखास विसरतात), २२० नंबरचा पेपर मारा आणि हार्डनरवालं टू-पॅक घ्या. लागेल तेवढंच कालवा, उरलेलं काही तासांत वाया जातं. महिनाभर गरम भांडं नको. अमोनियावाला काचेचा स्प्रे तर कधीच नको.

आमची पट्टी मार्चमध्ये अशीच केली. वडिलांनी मात्र तिच्यावर टॉवेल टाकून ठेवलाय, काढू देत नाहीत.